जावातली दवंडी

माझा कॉम्प्युटरचा क्लास धाड गावात, पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावरचा माउस आपला आपण सरकायचा, आणि की-बोर्डवर बोट ओढलं की ज्वारीच्या पिठाची रेघ उमटायची. धाडच्या बाजाराच्या दिवशी तर गिरणी थांबायचीच नाही. त्या दिवशी मी तोंडाने शिकवणं सोडून द्यायचो आणि नुसते हातवारे करायचो. पोरं म्हणायची, "सर, बाजाराच्या दिवशी जास्त समजते."

मी शिकवायचो जावा, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. शहरात काही वर्षं प्रोग्रॅम लिहून पोट भरलं, मग ती कंपनी एका सकाळी नाहीशी झाली, आणि मी गावाकडे आलो तो डोक्यात जावा आणि पेटीत दोन जुने कॉम्प्युटर घेऊन. या मुलखात जावाची गरज कोणालाच नव्हती. तरी मी शिकवत होतो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं आणि नाटकात कोणी घेत नव्हतं.

ते वर्ष बोंडअळीचं. बीटी कपाशी आली तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की अळी हिला तोंडच लावणार नाही. तोंड लावलं तर मरेल. काही वर्षं ते खरंही ठरलं. मग अळी शिकली. कपाशीची फुलं उमलेनात. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळलेल्या राहू लागल्या. त्याला डोमकळी म्हणतात. दिसायला ती फार देखणी, माळेत ओवावी अशी. उघडली की आत गुलाबी अळी, नवरीसारखी बसलेली. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. फोडलं की आत पिवळट, कुजका, चिकट कापूस, त्याला वास. लोक वावरात जाऊन बोंडं फोडायचे आणि खिशात घालून घरी आणायचे. काऊन आणतात, असं विचारलं तर त्यांनाही सांगता येत नसे.

माझी मावसबहीण माझ्याहून मोठी. मी तिला अक्का म्हणतो. भाऊजी एसटीत वाहक, ड्युटी लांबच्या डेपोला, घरी येणं पाहुण्यासारखं. शेत अक्काचं होतं आणि अक्काच करायची. त्या वर्षी तिने सगळ्या वावरात कपाशी लावली होती. पहिल्या वेचणीआधी सीतादही केली, म्हणजे आमच्याकडे करतात तशी वावरात पूजा करून दहीभाताचा शिंतोडा चहूकडे दिला. दुसऱ्या वेचणीला वेचायला काही उरलंच नाही.

आता पेच असा होता. सरकारने जाहीर केलं की नुकसानीचे पंचनामे होतील. पंचनामा करणारी माणसं वावरात येऊन पीक पाहणार. म्हणजे पीक उभं पाहिजे. आणि जमिनीत जी थोडी ओल होती, विहिरीत जे थोडं पाणी होतं, ते हरभऱ्याला पुरलं असतं, पण पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडं, लगेच उपटल्या तरच. उपटल्या तर पुरावा गेला. ठेवल्या तर हरभरा गेला. बरेच लोक कंटाळून उपटून मोकळे झाले. अक्का थांबली. तिचं म्हणणं सरळ होतं: "माहं नुकसान झालं ना? मंग थे कोणीतरी डोयानं पाह्यलं पाहिजे. नाई पाह्यलं तर झालंच नाई म्हंतीन."

बघायला यावं कोणी, एवढीच तिची मागणी. आणि ओल संपायच्या आत यावं.

धाडमध्ये फवारणीचे पंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. दुकान गिरणीला लागूनच. त्या वर्षी त्याच्याकडे जत्रा होती. लोक जास्त जोराने फवारणारे नोझल मागायचे, दोन औषधं एकत्र करायचे, वाऱ्याच्या तोंडावर उभे राहायचे. त्याच्याच मोहल्ल्यातला एक माणूस फवारून आला आणि दारात उभा राहून बायकोला विचारू लागला, "दिवा काऊन मालवला?" दुपार होती. तो दवाखान्यातून परत आला, पण डोळ्यांपुढचं धुकं तसंच राहिलं. तेव्हापासून मिस्त्री पंपाला हात लावण्याआधी "बिस्मिल्ला" जरा मोठ्यानेच म्हणायचा.

हा मिस्त्री वर आला, हातात मोबाइल. गावातल्या लोकांनी, अक्कानेही, त्याला आपापल्या बोंडांचे फोटो पाठवले होते, कोणाला दाखवावे हे कळत नव्हतं म्हणून.

"मास्तर, इन फोटोंचं करायचं काय? डिलीट करू तर वाटते, पाप लागन."

इथे माझ्यातला नट जागा झाला. त्या काळी एक चिवचिवाटाचं संकेतस्थळ जोरात होतं. मोठी माणसं तिथे दोन-दोन ओळी टाकायची आणि देश त्यावर भांडायचा. सरकारी खात्यांचीही तिथे खाती होती. त्या संकेतस्थळाशी जावातून बोलता येईल अशी एक लायब्ररी कोणा भल्या परदेशी माणसाने लिहून फुकट ठेवली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. तो आपल्या प्रोग्रॅमशेजारी ठेवायचा, की दरवाजा कसा वाजवायचा, नाव कसं सांगायचं, निरोप कुठल्या पद्धतीने द्यायचा ही सगळी उठाठेव तो करतो. आपण एक ओळ लिहायची: हे पाठव. बस. फोटोंचं फोल्डर दिलं की एकामागून एक सगळे फोटो मजकुरासह शेती खात्याच्या नावावर रवाना.

मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे मोटार बसवली तुमनं. हातपंप नाई."

मी त्याला मिठी मारली. इतकी वर्षं शिकवत होतो, इतकं चांगलं उदाहरण मला सुचलं नव्हतं.

संकेतस्थळ चार किल्ल्या देतं. दोन प्रोग्रॅमच्या, दोन खात्याच्या. चारही बरोबर लागल्या तरच कुलूप उघडतं. मी गावाच्या नावाने खातं उघडलं आणि किल्ल्या मिळवल्या. आता प्रश्न आला मजकुराचा. मजकूर गावाचा असेल तर गावातला बोलणारा माणूस पाहिजे. तो म्हणजे आमचे निवृत्त कोतवाल काका. उभा जन्म त्यांनी दवंडी दिली. लस, लिलाव, ग्रामसभा, हरवलेली म्हैस, सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळलं. त्यांना जिना चढवून वर आणलं आणि खुर्चीत बसवलं. बाजूला मिस्त्री, दारात अक्का.

"ऐका हो ऐका," काकांनी सुरुवात केली आणि पुढे गावाचं नाव, तालुका, पिकाचं नाव, अळीचं नाव, सायबानं वावरात येऊन पाहावं अशी विनंती, असं सगळं एका दमात म्हटलं. आवाज असा, की खालच्या गिरणीवाल्याने पट्टा थांबवला.

"काका, एवढं बसत नाही," मी म्हणालो. "थोड्याच अक्षरांत आटपायचंय. आणि हे यंत्र काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतं."

"मंग 'ऐका हो ऐका' ठेव, बाकीचं काढ."

"बाकीचं काढलं तर ऐकायचं काय त्यांनी?"

"'ऐका' नाई म्हटलं तर ऐकन कोण?"

अक्का दारातून म्हणाली, "काका, एकच 'ऐका' ठेवा. सरकार हाये, एका हाकेत ऐकलं तर ऐकन."

शेवटी एक 'ऐका' राहिला. बाकी गाव, पीक, आणि "वावरात येऊन पाहा". मी थाटात एंटर दाबला, एक हात वर करून, जादूगार टोपीवर ठेवतो तसा. निरोप गेला. संकेतस्थळ उघडून पाहिलं, तर गावाच्या नावाखाली फोटो होता आणि फोटोवर नुसती प्रश्नचिन्हांची रांग. माझा कॉम्प्युटर जुना, त्याला मराठी अक्षरं कशी बांधून द्यायची ते मी सांगितलंच नव्हतं. त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

मी डोक्याला हात लावला. काका चष्मा पुसून वाकून बघत राहिले.

"बराबर तं हाये," ते म्हणाले. "आपल्याजवळ दुसरं हाये काय सध्या?"

आम्ही हसलो. मिस्त्री इतका हसला की त्याला खोकला लागला. मग मी ते दुरुस्त केलं आणि फोटो सुटायला लागले.

दुसऱ्याच फोटोला लायब्ररी लाल अक्षरांत ओरडली: हाच मजकूर आत्ताच दिला आहे, पुन्हा देता येणार नाही. मी म्हणालो, प्रत्येक वेळी जरा वेगळं लिहू. कोणाची अळी, कोणाचं वावर, कोण किती रडलं. काका खुर्चीतून उठलेच.

"हे नाई चालायचं. दवंडी पयल्या चौकात जे सांगतली थेच शेवटल्या चौकात सांगा लागते. शब्द बदलला का लोक म्हंतात, हा दारू पेला हाये, नाईतर कोणी शिकवला हाये. एकच शब्द सगळ्या गावभर, तेव्हा लोक म्हंतात, खरं हाये."

आता तुम्हीच सांगा, यात चूक काय होती? आमच्या मुलखात हजार तोंडांनी हजार गोष्टी सांगितल्या तर ती चहाडी. एकच गोष्ट, एकाच शब्दात, चौकाचौकात सांगितली तर तो पुकारा. सगळ्यांनी मान डोलावली, मीही. मजकूर तोच ठेवला आणि शेवटी फोटोचा नंबर जोडून दिला, म्हणजे यंत्राच्या डोळ्यात धूळ. फोटो पुन्हा धावायला लागले.

आणि जबाब आला! पहिल्या फोटोखाली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खात्याच्या नावाने, चिन्हासकट: आपली तक्रार प्राप्त झाली आहे, लवकरच कार्यवाही करण्यात येईल. मिस्त्रीने खाली जाऊन भजी आणली. काकांनी जबाब मला दोनदा वाचायला लावला. अक्काने आपल्या वावराच्या फोटोखालचा जबाब शोधून काढायला लावला, आणि स्क्रीनला हात लावला, हळूच, गरम तव्याला लावतात तसा.

माझं भजं हातातच राहिलं. आमचा फोटो पोचतो न पोचतो तोच खाली जबाब पडत होता. माणूस इतक्या लवकर वाचू शकत नाही. वाचलं तरी चष्मा लावायला वेळ लागतो. पलीकडेही एक प्रोग्रॅमच बसला होता. कोण जाणे, त्याच परदेशी माणसाची लायब्ररी घेऊन.

मी सांगितलं. लपवलं नाही. "अक्का, हा जबाब मशीनचा आहे. कोणी वाचलेलं नाही अजून. तू पऱ्हाट्या उपट आणि हरभरा पेर."

अक्का स्क्रीनपासून माझ्याकडे वळली.

"आपला निरोप कोणं पाठवला?"

"मशीनने."

"आन् मशीनच्या मागं कोण होतं?"

"मी. आपण."

"मंग आपल्या मशीनमागं च्यार माणसं बसले, आन् सरकारच्या मशीनमागं एकबी माणूस नसन काय? इतकं मोठं सरकार!"

काका म्हणाले, "बाई बराबर बोलते." अक्का पदर सावरून जिना उतरली आणि घरी गेली. पऱ्हाट्या उभ्या राहिल्या.

काही दिवसांनी ती परत आली. "विचार, केव्हा येता म्हून." मी विचारलं. जबाब तोच: तक्रार प्राप्त झाली आहे. "पुन्हा विचार." पुन्हा तोच. काका म्हणाले, दवंडीच द्या. आम्ही "केव्हा येता" हा पुकारा सगळ्या फोटोंखाली सोडला, शब्दाला शब्द तोच. त्या दुपारी संकेतस्थळाने आमचं खातं बंद केलं. कारण दिलं होतं की एकच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवणारं हे खातं खोटं दिसतं.

काकांना हे समजावताना माझी सगळी नाट्यकला संपली. त्यांच्या दृष्टीने एकच शब्द धरून राहणं हा खरेपणा. यंत्राच्या दृष्टीने तोच लबाडीचा पुरावा. त्यांनी ऐकलं आणि इतकंच म्हणाले, "माह्या जन्मात माही दवंडी कोणं थांबवली नोती. पाटलानंबी नाई." मग ते हळूहळू जिना उतरले. त्या दिवसानंतर ते वर आले नाहीत. बाजारात भेटले की दुसरीकडे बघायचे. रागाने नाही, लाजल्यासारखे. मी खातं सोडवून घ्यायला पुष्कळ अर्ज केले. त्यांचेही जबाब तत्काळ आले.

विहिरीचं पाणी उतरत होतं. आधी उपटून मोकळे झालेल्यांचा हरभरा बोटभर वर आला. अक्काच्या वावराला दोन्ही बाजूंनी हिरवं होतं आणि मधे काळ्या पऱ्हाट्यांचा पट्टा, प्रत्येकीवर न फुटलेली, वाळलेली बोंडं. वाऱ्यावर ती एकमेकांवर वाजायची. मी दर खेपेला तिला म्हणायचो, अजून थोडी ओल असेल, पेर. ती म्हणायची, "जबाब देल्ला हाये त्याईनं. मी उपटलं आन् मंग थे आले, तं मी खोटी पडन." भाऊजी सुट्टीवर आले, तेही बोलले. एक जेवण जेवले आणि ड्युटीवर परत गेले.

मग ते आले. अगदी खरे आले. तलाठी आणि कृषी सहायक, एका मोटरसायकलवर, धुळीने भुवया पांढऱ्या. कृषी सहायक पन्नाशीकडे झुकलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस. त्याच्याकडे इतकी गावं होती की तो गावाचं नाव आधी कागदावर बघून मग आम्हाला रामराम करत होता. मी आणि मिस्त्री अक्काच्या मागे उभे होतो. त्याने चार-सहा बोंडं फोडली, आतला काळा चिकटा अंगठ्याने चाचपला, मान हलवली आणि लिहायला लागला. चांगला माणूस होता. बोंड फेकून न देता त्याने बांधावर नीट ठेवलं.

"सही करा, काकू."

अक्काने पेन घेतलं नाही.

"पयले एक सांगा. माह्या फोटोले जबाब तुमीच देल्ला होता ना? लवकर येतो म्हून?"

त्याने तलाठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याला काही कळलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. असं काही संकेतस्थळ आहे हेही त्याला माहीत असेल की नाही. एरवी अशा जागी मी पुढे होऊन, हात पसरून, सगळी हकिकत रंगवून सांगितली असती. मी तोंड उघडलं नाही.

त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली.

"हाव काकू. मीच."

"मंग काऊन नाई आले?" अक्काचा आवाज चढला. "मी काय हौसेनं ठेवलं हे मढं उभं? पलीकडचा हरभरा पाहा! माही विहीर पाहा जाऊन! जबाब देऊन राह्यले, देऊन राह्यले, आन् माणूस येईना! तुमच्या घरी वावर नाई काय? तुमच्या मायनं असं बोंड फोडलं नाई काय कधी?"

तो उभा राहिला. किती गावं आहेत, गाडी किती वेळा पंक्चर झाली, रजा नाही, भत्ता नाही, हे सगळं त्याला सांगता आलं असतं. टोपी दोन्ही हातांत धरून, गुडघा एका बाजूला वाकवून तो ऐकत राहिला. अक्का ओरडता ओरडता घोगरी झाली, मग थांबली. पदराने तोंड पुसलं. सही केली.

"मंग आता उपटू ना?" तिने त्यालाच विचारलं.

"उपटा, काकू."

"पाणी घ्या. उन्हाचे आले."

ते पाणी पिऊन गेले. आम्ही तिघं चिमटे घेऊन वावरात उतरलो. चिमट्याने पऱ्हाटी बुडाशी धरून मुळासकट ओढायची असते. ओल असली की ती सुळकन निघते. आता जमीन दगडासारखी झाली होती. मुळं सुटत नव्हती. प्रत्येक पऱ्हाटी बुडाशी कटकन मोडायची आणि मूळ आतच राहायचं. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, ये तो तूटते, निकलत नाई." अक्का म्हणाली, "निघतीन. वढा." आणि पुढच्या ओळीला लागली.